मिठीपासून किती मीटर लांब घर घेतलं म्हणजे सेफ?

प्रश्न लांज्याच्या एका गृहस्थांचा आहे. मुलगा अंधेरीला नोकरीला, कुर्ल्यात एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्याची रूम बघितलीय, मिठी नदी तिथून साधारण ४०० मीटर. एजंट म्हणतो २००५ नंतर नदी रुंद केली, भिंत घातली, दरवर्षी गाळ काढतात, आता काय पाणी येत नाही. तर नदीपासून किती लांब असलं म्हणजे निर्धास्त, एवढंच त्यांना हवंय.

भाऊ, मी मूळ राजापूरचा, मुंबईत २७ वर्षं नाले, गटारं आणि पावसाच्या पाण्याच्या लाईनींच्या सर्व्हेची कामं केली, लेव्हल मशीन, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा मोजायचं यंत्र, खांद्यावर टाकून मिठीच्या दोन्ही काठांनी किती वेळा चाललोय त्याचा हिशोब नाही, आता रिटायर होऊन गावी आलोय. त्यामुळे तुम्हाला ३०० किंवा ५०० असा आकडा फेकून मोकळा झालो असतो. पण तो आकडा कामाचा नाही. मिठीच्या बाबतीत आडवं अंतर मोजून काही कळत नाही, उभी उंची मोजावी लागते. ४०० मीटरवरची रूम बुडते आणि नदीला लागून असलेली कोरडी राहते, दोन्ही मी डोळ्यांनी बघितलंय.

हे मी स्वतः चुकून शिकलो. २००३ मध्ये माझ्या मेव्हण्याने कलिन्याला तळमजल्यावर घर बघितलं आणि मला विचारलं, तुम्ही या धंद्यातले, सांगा. मी नकाशावर पट्टी ठेवली, नदी ७०० मीटर भरली, म्हटलं डोळे मिटून घे. २६ जुलै २००५, मंगळवार. मी साकीनाक्याला साईटवर होतो, तिथून कंबरभर पाण्यातून चालत रात्री त्याच्याकडे पोचलो तर घरात साडेतीन फूट पाणी, गादी तरंगतेय, बहीण पोरांना घेऊन वरच्या मजल्यावर. आणि बहिणीने जे सांगितलं ते मला आजपर्यंत पुरलंय. म्हणाली, पाणी दारातून आलंच नाही आधी, मोरीच्या जाळीतून आलं. आधी बुडबुडे, मग काळं पाणी, आणि रस्ता तेव्हा नुसता ओला होता. म्हणजे नदी चालत ७०० मीटर आली नव्हती, गटाराच्या पाईपातून उलटी आली होती. पाईपाला अंतराचं काय, त्याला लेव्हल कळते. मेव्हण्याने मला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या घरी गेलं की अजून माझी नजर पहिली मोरीकडे जाते.

आता असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे एजंटचं कितपत खरं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आपल्याकडे कोकणात डोंगरातून धावत येतो तो पऱ्या आणि भरतीचं पाणी जिथे आत शिरतं ती खाडी, हे पोराला पण माहीत असतं. मिठी म्हणजे वर पऱ्या, खाली खाडी, आणि मध्ये नदी व्हायला जागाच नाही. एकूण लांबी जेमतेम १८ किलोमीटर. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या टेकड्यांच्या पायथ्याशी विहार तलाव आहे, इंग्रजांनी १८६० च्या सुमाराला मुंबईला नळाचं पाणी द्यायला बांधलेला, त्याच्या सांडव्यावरून जे पडतं तिथून ही सुरू होते. थोडं खाली पवई तलावाचा ओव्हरफ्लो येऊन मिळतो. मग आरे, मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), धारावी आणि माहीमला समुद्र. वरच्या भागात उतार चांगला आहे, पावसात पाणी अक्षरशः उड्या मारत येतं. कुर्ल्याच्या खाली मात्र जवळजवळ सपाट, आणि तिथपासून पुढे भरतीचं राज्य. म्हणजे वरून जोरात ढकलणारा आणि खालून दार लावून घेणारा, या दोघांच्या मधोमध कुर्ला.

त्यात आपण माणसांनी काय केलं बघा. माहीमचा कॉजवे १८४५ चा, त्याने खाडीचं तोंड आवळलं. विमानतळ वाढला तशी नदी वळवली, धावपट्टीखालून घातली, तिथे ती काटकोनात वळते. डोंगरावरून आलेलं पाणी काटकोनात वळवलं की ते मागे फुगणारच, बादलीतलं पाणी भिंतीवर फेकून बघा. मग बीकेसी. आज तिथे काचेच्या इमारती आहेत ती सगळी खाजणाची जमीन होती, भरतीचं आणि पुराचं जादा पाणी तिथे पसरायचं. १९७७ मध्ये ते सगळं ३७० हेक्टर एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, त्यांच्या ताब्यात प्लॅनिंगला गेलं आणि भराव पडत गेला. मी कोणाला दोष देत नाहीये, मी पण त्या भरावाच्या लेव्हली घेतल्यात आणि त्याचेच पैसे खाल्लेत. पण पाण्याची पसरायची जागा गेली की पाणी उंच होतं, एवढंच.

आकड्यात सांगतो. मिठीचं पाणलोट, म्हणजे जिथला पाऊस वाहून मिठीत येतो तो भाग, साधारण ७३ चौरस किलोमीटर. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. आता सगळ्या पाणलोटावर सांताक्रूझएवढाच पडला असं धरून गुणाकार केला तर साधारण ६९०० कोटी लिटर होतात. अख्खा विहार तलाव भरला की त्यात साधारण २७७० कोटी लिटर मावतं. म्हणजे अडीच विहार तलाव एका दिवसात त्या चिंचोळ्या प्रवाहात ओतल्यासारखं झालं, वर त्याच दुपारी साडेचार मीटरच्या आसपास भरती. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून न्यायच्या हिशोबाने बांधलेली, ते पण समुद्राला ओहोटी असेल तर. १९९३ मध्ये ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईची पावसाळी गटारं सुधारायच्या योजनेचा, रिपोर्ट आला त्यात ५० करा असं सांगितलेलं. लक्षात घ्या, ५० सुद्धा त्या दिवशी पुरले नसते. त्यामुळे "आता २००५ परत झालं तरी काही होणार नाही" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठून यायचं.

पण २६ जुलै रोज होत नाही. तुमच्या मुलाला त्रास देणारा पाऊस वेगळाच. तो असतो साधा, दोन-तीन तासात शंभर-सव्वाशे मिलिमीटरचा, असे एक-दोन तर कुठल्याही सीझनला पडतात. तो ओहोटीत पडला तर गल्लीत पाणी घोट्यापर्यंत येतं आणि तासाभरात उतरतं. तोच मोठ्या भरतीत पडला तर गुडघाभर. पाऊस तोच, वेळ बदलली.

भरतीची वेळ काढायची युक्ती तुम्हाला माहीत असेल, आमचे काका खाडीत जाळं टाकायचे ते तिथीची पाऊणपट करायचे. एकादशी असली तर ११ चे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला भरती, सकाळी आणि रात्री. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं पण मोबाईल नसताना तेवढं बास होतं. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, तेव्हा भरती दुपारी बारा-एकला आणि तशीच मध्यरात्री. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, पेपरात येतं. ते कात्रण फ्रीजवर लावायचं.

इथे एक गोंधळ बहुतेकांचा होतो, शिकलेल्यांचा पण. भरती साडेचार मीटर म्हणजे समुद्रसपाटीच्या वर साडेचार मीटर नव्हे. भरतीच्या तक्त्याचा शून्य हा जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपाशी धरलेला असतो, मुंबईत तो सरासरी समुद्रसपाटीच्या साधारण अडीच मीटर खाली येतो. म्हणजे साडेचारची भरती सपाटीच्या वर दोन मीटर. आणि महापालिकेच्या ड्रेनेजच्या लेव्हली तिसऱ्याच शून्यावरून मोजतात, त्याला टाऊन हॉल डेटम म्हणतात. नव्या बिल्डिंगच्या परवानगीत ती एक नेहमीची अट असते बघा, सखल प्लॉट निदान २७.५५ मीटर टाऊन हॉल डेटमपर्यंत किंवा शेजारच्या रस्त्याच्या वर १५ सेंटीमीटर, जे जास्त असेल तिथपर्यंत भरायचा. आता २७.५५ ऐकून माणूस म्हणतो वा, आपण समुद्राच्या २७ मीटर वर! कसले २७, तीन-साडेतीन असतील. मोठ्या भरतीच्या वर मीटर-सव्वा मीटर, झालं. आणि तुम्ही बघताय ती बिल्डिंग जुनी, तिला ही अट लागलेली असेलच असं नाही.

भिंतीचं आणि गाळाचं बोलतो, कारण एजंटचा सगळा भर त्याच्यावर आहे. काम झालंय, खोटं नाही. २००५ नंतर पात्र रुंद झालंय, खोल झालंय, भिंती झाल्यात, वरचे बाराएक किलोमीटर महापालिका आणि खालचे सहा एमएमआरडीए अशी वाटणी करून. फरक पडलाय, मधल्या पावसांना पाणी लवकर उतरतं हे मी रीडिंग घेऊन बघितलंय.

पण भिंत दोन्हीकडून भिंत असते. नदीचं पाणी गल्लीत येऊ देत नाही तसं गल्लीचं पाणी नदीत जाऊ देत नाही. म्हणून भिंतीत गटाराची तोंडं सोडतात आणि त्यांना लोखंडी झडप लावतात, नदी चढली की झडप दाबून बंद, उतरली की गल्लीचं पाणी झडप ढकलून बाहेर. कागदावर झकास. एका पावसाळ्यात एका गल्लीत रोज पाणी का भरतंय बघायला गेलो तर झडपेच्या फटीत नारळाची करवंटी अडकलेली. अर्धी करवंटी, हातात मावेल एवढी. झडप तीन बोटं उघडी राहायची आणि प्रत्येक भरतीला नदी आत. ती काढली आणि प्रश्न मिटला, पंधरा दिवस. मग गोणपाट अडकलं. नदी माणसाने ताब्यात ठेवली ती अशा झडपांच्या भरवशावर, आणि झडप बघायला तिथे रोज कोण जातो ते विचारू नका.

गाळाचंही तसंच. लोकांना वाटतं खोल खणलं की जास्त पाणी जाईल. वरच्या, उताराच्या भागात हे बरोबर आहे. पण कुर्ल्याच्या खाली जिथे भरती येते तिथे तुम्ही तळ ओहोटीच्या पातळीच्या खाली खणलात तर त्या खड्ड्यात समुद्राचंच पाणी येऊन बसतं. उतार काही वाढत नाही. विहीर खोल केली म्हणून ओढा जोरात वाहत नाही ना, तसं. शिवाय पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो आणि भरती आणखी घेऊन येते, त्यात शहराचं सांडपाणी, भंगारवाल्यांचा कचरा, डेब्रिज. म्हणून गाळ दरवर्षी काढावाच लागतो, त्याने नदी कालच्याइतकी राहते, कालच्यापेक्षा बरी होत नाही. आपण पावसाआधी कौलं चाळून घेतो तसलं काम आहे ते. नाही केलं तर घर गळेल, केलं म्हणून घर मोठं होत नाही.

आता तुमच्या रूमचं. मी जागेवर नाही, तेव्हा नक्की हो किंवा नाही सांगणं बरोबर नाही. कुर्ला काही एक लेव्हल नाही. क्रांतीनगरसारख्या अगदी नदीच्या काठच्या वस्तीतून मिठी चढली की माणसं हलवावी लागतात, आणि तिथून दहा मिनिटांवर असे भाग आहेत जिथे लोकांना पाणी फक्त टीव्हीवर दिसतं. बरंचसं जवळच्या नाल्यावर, बिल्डिंगच्या जोत्यावर आणि बिल्डिंग किती जुनी आहे त्यावर आहे. जुनी बिल्डिंग का म्हणतो, तर मुंबईत रस्ता दर काही वर्षांनी वर येतो. डांबरावर डांबर, मग पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीट. बिल्डिंग जिथे आहे तिथेच. १९७० मध्ये जिथे तीन पायऱ्या चढून आत जायचात तिथे आता सपाट जाता, आणि कित्येक ठिकाणी दोन पायऱ्या खाली उतरता. घरात शिरताना पाय खाली पडला की समजायचं ही रूम नसून टाकी आहे. तिथेच नमस्कार करून परत फिरायचं, भाव कितीही कमी असो. भाव कमी का आहे ते तुम्हाला त्या पायरीने सांगितलेलंच असतं.

मुलाला सांगा, रूम बघायला रविवारी दुपारी उन्हात जाऊ नको, एजंट तेव्हाच नेतो. पावसात जा, जमलं तर उधाणाच्या दिवशी भरतीच्या वेळेला. गल्लीच्या कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण बघ, त्यातलं पाणी किती खाली दिसतं. वीतभर खालीच असेल आणि पाऊसही नसेल, तर पाऊस आल्यावर ते कुठे जाईल? मग बिल्डिंगच्या मीटरबोर्डाकडे बघ. बोर्ड मूळ जागेवरून उचलून वर नेलेला असला तर भिंतीवर जुन्या फळीचा चौकोन आणि बुजवलेली भोकं दिसतात, रंग मारला तरी. कोणी हौसेने मीटर वर नेत नाही. तळमजल्याच्या दुकानांचे उंबरठे बघ, विटांचा एक थर चढवलाय का दोन. वाण्याच्या दुकानात तांदळाची पोती जमिनीवर आहेत की फळीवर. आणि विचारायचंच असेल तर एजंटला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारू नये, त्याला पण त्याचा फ्लॅट विकायचा असतो कधीतरी. इस्त्रीवाल्याला विचार, सकाळी दूध टाकणाऱ्याला विचार. "पाणी येतं का" असं नको विचारू, नाहीच म्हणतील. "मागच्या पावसात पाणी किती वेळ होतं" असं विचार, म्हणजे हात गुडघ्याला लावून खरं सांगतात.

पाण्याची जमिनीखालची टाकी कुठे आहे ते नक्की बघायचं, हे लोक विसरतात. घरात पाणी नाही आलं तरी टाकीच्या झाकणावरून गटाराचं पाणी आत गेलं की अख्खी बिल्डिंग तेच पिते. झाकणाची कड अंगणाच्या निदान दोन फूट वर हवी आणि पंपाची मोटर त्याहून वर. मिठीच्या पुरात कपाट भिजल्याचं दुःख चार दिवसांचं, लेप्टो आणि कावीळ महागात पडतात.

तळमजलाच परवडत असेल आणि वरचं सगळं बघून जागा मध्यम निघाली, म्हणजे वर्षातून एखाद वेळ घोटाभर पाणी, तर मी सरसकट नको म्हणणार नाही. आमच्या राजापूरच्या बाजारपेठेत अर्जुना आणि कोदवली दोन्ही नद्यांचं पाणी येतं, जवाहर चौकात पावसाळ्यात होडी घालायची वेळ येते, म्हणून काय व्यापारी दुकानं टाकून गेले? माल माडीवर चढवायचा, कोणी कुठली पोती उचलायची ते ठरलेलं, तासाभरात दुकान रिकामं. त्यांना त्यांचं पाणी माहीत आहे, किती येतं आणि किती वेळाने उतरतं. पण त्यांना एक सोय आहे, पाणी चढताना दिसतं. मिठीत रात्री दोनला मोरीतून आलं तर तुमचा मुलगा झोपलेला असेल. म्हणून मोरीला आणि संडासाच्या लाईनीला उलट पाणी न येणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा, प्लंबरला नॉन रिटर्न म्हटलं की कळतं, प्लगची बटणं छातीच्या उंचीवर घ्यायची, फ्रीज विटांच्या ओट्यावर. तेवढा खर्च किमतीत धरून मग भाव करायचा. आणि पहिला मजला दीड-दोन लाखाच्या फरकाने मिळत असेल तर वाद न घालता पहिला मजला, गळक्या भिंतीसकट.

थोडक्यात, ४०० मीटर विसरा. रस्त्यापेक्षा घराची जमीन किती वर आहे, जवळचा नाला भरतीत किती तुंबतो आणि टाकीचं झाकण कुठे आहे, एवढ्या तीन गोष्टी मला कळल्या तर मी इथून सांगू शकेन. मुलाला लेव्हल मशीन नको. गवंड्याकडून पारदर्शक पाईप घे म्हणावं, त्यात पाणी भरून एक टोक रस्त्याच्या मधोमध उभं धरायचं, दुसरं घरात मोरीपाशी, दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की जमिनीपासून त्याची उंची टेपने मोजायची. दोघं माणसं आणि दहा मिनिटं लागतात. ते दोन आकडे आणि मीटरबोर्डाखालच्या भिंतीचा एक फोटो, जवळून नको, बाजूला कोणीतरी उभा राहील असा, इथे टाका. टोकन तोपर्यंत देऊ नका.